दिवाणजींनी वाट काढली

सूत व्यापाऱ्याची पेढी, इचलकरंजी. चार कॉम्प्युटर, त्यातलं शेठच्या केबिनमागचं एक सर्व्हर म्हणून वापरतात. सर्व्हर कसला, साधंच मशीन, १२८ जीबीचा एसएसडी, विंडोजमध्ये तो दिसतो ११९, आणि त्या दिवशी त्यातले सातशे एमबी उरलेले. सी ड्राइव्हची लाल पट्टी बघून शेठचा फोन आला, सगळं डीवर टाका म्हणून. डी म्हणजे एक टीबीची हार्डडिस्क, मीच दोन वर्षांपूर्वी बसवली होती, रिकामीच पडून होती.

प्रोग्रामडेटा, म्हणजे सगळे प्रोग्राम आपली माहिती ठेवतात ते फोल्डर, हलवणार नाही हे आधीच सांगितलं. तो दुसऱ्या ड्राइव्हवर वळवला की पुढची अपग्रेड अडकते, मायक्रोसॉफ्टनेच लिहून ठेवलंय. राहिलं युजर्समधलं पब्लिक फोल्डर, ५८ जीबी. टॅलीचा, म्हणजे हिशेबाच्या प्रोग्रामचा, डेटा त्यातच, कारण टॅली बाय डिफॉल्ट तिथंच ठेवतं, आणि युजर्स नेटवर्कवर शेअर केलेलं म्हणून बाकीचे तिघं तिथूनच डेटा उघडतात. शिवाय स्कॅन केलेली बिलं, आणि ४१ जीबी शेठच्या मुलीच्या लग्नाचा व्हिडिओ. हो, ४१. नुसतं लग्न उचलून डीवर टाकलं असतं तरी काम झालं असतं हे मला त्या रात्री का सुचलं नाही ते अजून कळत नाही. सुचलं असेल, पण काम नीट करायची हौस आली अंगात.

रविवारी रात्री बसलो. रोबोकॉपी, म्हणजे विंडोजमधली फाइली कॉपी करायची कमांड, वापरायची तर दोन गोष्टी विसरायच्या नाहीत. एक, फाइल अडकली की ती मुळात दहा लाख वेळा परत प्रयत्न करते, दर वेळी ३० सेकंद थांबून, म्हणजे एका फाइलसाठी जवळपास वर्ष, तेव्हा रिट्राय दोनवर आणायचा. दुसरं, परमिशन आपोआप येत नाहीत, कॉपीऑल लावावं लागतं, नाहीतर सकाळी कुणालाच काही उघडत नाही. जंक्शन, म्हणजे एका फोल्डरवरून गुपचूप दुसऱ्यात नेणाऱ्या वाटा, त्याही वगळायच्या, सवयीने. कॉपी झाली, फाइलींची संख्या जुळवली, मग पेन ड्राइव्हवरून बूट केलं कारण चालू विंडोज पब्लिकला हात लावू देत नाही, तिथे ड्राइव्हची अक्षरं सरकतात तेही ध्यानात ठेवलं, पब्लिकचं नाव बदलून 'पब्लिक जुनं' केलं आणि त्याच्या जागी एमकेलिंक या कमांडने डीवरच्या कॉपीकडे नेणारी लिंक मारली. स्लॅश डी लावून. पाहिजे होतं स्लॅश जे. डीवर न्यायचंय हे डोक्यात घोळत होतं म्हणून हात डीवर गेला असेल, दुसरं कारण मला तरी सापडलेलं नाही.

फरक असा. जे ने जंक्शन होतं, ते सर्व्हरच सोडवतो, बाहेरच्याला कळतही नाही. डी ने सिम्बॉलिक लिंक होते, आणि नेटवर्कवरून येणाऱ्याला ती सांगते की डी ड्राइव्हवर जा, म्हणजे त्याच्या स्वतःच्या डीवर! विंडोज तसं जाऊही देत नाही, एरर मारते. सर्व्हरवर बसून मी टॅली उघडून बघितलं, मस्त चाललं, कुलूप लावून घरी. दुसऱ्या मशीनवरून एकदा बघायला पाच मिनिटं लागली असती.

सोमवार, दहा तारीख. दुसऱ्या दिवशी जीएसटीआर वनची, म्हणजे विक्रीच्या जीएसटी रिटर्नची, मुदत. दिवाणजींच्या काउंटरवरच्या मशीनवर टॅलीत कंपनीच दिसेना. त्यांनी मला फोन केला नाही, कारण मी उचलत नाही असं त्यांचं मत आहे (थोडं खरंय). नेटवर्कमध्ये शोधलं, 'पब्लिक जुनं' दिसलं, टॅलीत डेटा पाथ तिकडे वळवला. तो कसा बदलायचा हे गेल्या वर्षी मीच शिकवलं होतं. झालं सुरू. शेठचा भाचा सर्व्हरवर बसून डीवरच्या डेटात बिलं मारतोय, दिवाणजी काउंटरवर जुन्यात, दोघांचे नंबर ८१२ पासून, एकसारखे.

दुपारी तीनला दिवाणजी ८१५ चं ई-वे बिल, म्हणजे मालाच्या गाडीसोबत लागणारा सरकारी कागद, काढायला गेले तर पोर्टल म्हणतं या नंबरचं आधीच निघालंय. त्यांचं निदान ठरलेलं, "सरकारी पोर्टल, आणि काय होणार." भाच्याने सकाळीच काढलं होतं. गाडी दारात उभी, ड्रायव्हर तंबाखू मळत बसलेला. तेव्हा मला फोन.

तिथं पोचून बघितलं तर दोन वह्या. दिवाणजी म्हणाले, "तुमी काल काय केलंय त्ये कळंना ओ, पर मी वाट काढली." त्यांना काय बोलणार. एक नंबर दोन बिलांना चालत नाही, सहा पार्ट्यांना फोन लावून कागद बदलून घ्यायचे ठरले. आधी लिंक काढून जंक्शन मारलं, तीन मिनिटांचं काम. मग दिवाणजींची सहा बिलं आणि चौदा रिसीट. टॅलीतून एक्सएमएल फाइल काढून त्या नोंदी इकडे घालता आल्या असत्या, पण बिलांचे नंबर तेच, म्हटलं कशाला आणखी घोळ. ते वाचत गेले, मी टाकत गेलो, त्यांच्या बिलांना पुढचे नंबर देत. सूत काउंटच्या नावात मी तीनदा चुकलो, तिन्ही वेळा त्यांनी पकडलं.

शेठ रागावले नाहीत, उलट दिवाणजींचं कौतुक केलं, माणूस अडून बसला नाही म्हणून. खरंय तेही. पण 'पब्लिक जुनं' शेअरमधून मी काढून टाकलं असतं तर ते अडून बसले असते, आणि अडून बसले असते तर सकाळी साडेनऊलाच मला कळलं असतं.

निघताना म्हटलं, जुनं डिलीट करतो, त्याशिवाय सी मोकळा होणार नाही. शेठ म्हणाले, राहू दे महिनाभर, काय सांगता येतं. म्हणजे लाल पट्टी आहे तशीच. म्हटलं, त्यातलं लग्न तरी उडवू का, डीवर आहेच की.

"थांबा, घरात विचारून सांगतो," म्हणाले. अजून फोन आलेला नाही.