वीस मिनिटं तोंड बंद

माझी अंगणवाडी जुन्नर तालुक्यात, उसाच्या पट्ट्यात. एक खोली, पुढं पत्र्याची पडवी, बाजूला दोनेक गुंठे मोकळी जागा आणि कोपऱ्यात नळ. पटावर बावीस मुलं. सेवेची चौदा वर्षं झाली, त्यातली तेरा मी मुलांना त्या खोलीतच बसवून काढली. बाहेर सोडली की मोजत कोण बसणार?

बीट मीटिंगला, म्हणजे आसपासच्या अंगणवाड्यांच्या बैठकीला, पर्यवेक्षिका मॅडमनी विचारलं, एक संस्था बाहेरच्या खेळांचं प्रशिक्षण देतेय, कोण जाणार? कुणी हात वर करेना. वजनं, उंच्या, गृहभेटी, पोषण ट्रॅकर ॲपवरच्या नोंदी, त्यात आणखी एक फाईल कशाला? शेवटी माझं नाव मॅडमनीच लिहिलं. तीन दिवस निवासी, मग पाच महिने महिन्यातून एक दिवस, मधल्या काळात आपापल्या अंगणवाडीत प्रात्यक्षिक आणि शेवटी तोंडी परीक्षा.

पहिल्या दिवशी प्रशिक्षक ताईंनी आम्हाला मैदानात सोडलं आणि सांगितलं, खेळा. आम्ही तीस-पस्तीस बाया, साड्या सावरत उभ्या. दहा मिनिटं मानधनाच्या गप्पा झाल्या. मग कुणाला तरी कुंपणाशी बिट्टीचं झाड दिसलं आणि लहानपण आठवलं. खाली पडलेल्या बिट्ट्या गोळा करून आम्ही सागरगोट्यांसारखा डाव मांडला. खेळ रंगला. ताईंनी अर्धा तास काही म्हटलं नाही. मग सगळ्यांना हात धुवायला लावले आणि सांगितलं की बिट्टी म्हणजे पिवळी कण्हेर, तिची बी पोटात गेली तर हृदयावर परिणाम होतो, जीवही जाऊ शकतो. "तुम्ही खेळलात आणि वाचलात. तुमच्याकडची मुलं मात्र हातात येईल ते तोंडात घालायच्या वयाची आहेत."

मला वाटलं, आता बाहेरचं सगळं बंद करायला सांगणार. पण त्यांनी एक तक्ता दिला. तीन रकाने: यातून मुलाला काय मिळतं, काय होऊ शकतं, मी काय करणार. दगड, पाणी, काठी, झाडावर चढणं, प्रत्येकाची एक ओळ. दगड अंगावर पडेल म्हणून दगड हटवायचा नाही, मुलाच्या दोन्ही हातांत मावेल एवढाच ठेवायचा. बिट्टीच्या ओळीत तिसऱ्या रकान्यात एकच शब्द होता: काढा.

तक्ता घेऊन घरी आले आणि आधी अंगणवाडीच्या दारात गेले. दोन्ही बाजूंना गुलाबी कण्हेर. मीच लावलेली. शेळ्या तोंड लावत नाहीत म्हणून मोठ्या हौशीनं लावली होती. शेळ्या का तोंड लावत नाहीत, हा प्रश्न मला इतक्या वर्षांत पडला नव्हता. दुसऱ्या दिवशी कण्हेर मुळासकट काढली. मागच्या बाजूला धोतरा निघाला आणि गाजरगवत तर चिक्कार. मावशी, म्हणजे आमच्या मदतनीस, म्हणाल्या, "बाई, प्रशिक्षणाला गेला होता का भांगलायला?"

एका सत्रात कोसबाडची गोष्ट झाली. बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 साली बोर्डीला काम सुरू केलं, पुढं ते कोसबाडच्या टेकडीवर गेलं. आदिवासी पाड्यातली मुलं शाळेत येईनात, तर बालवाडीच पाड्यात, घरांच्या अंगणात नेली. ती अंगणवाडी. जी मुलं गुरं राखायला जायची त्यांच्यासाठी कुरणातच कुरणशाळा. सरकारची आपली एकात्मिक बालविकास योजना आली 2 ऑक्टोबर 1975 ला, म्हणजे त्यानंतर बऱ्याच वर्षांनी. मी चौदा वर्षं पाटीवर ‘अंगणवाडी’ लिहितेय. त्यातलं अंगण कुठलं, हे त्या दिवशी कळलं.

सगळ्यात अवघड गेलं ते निरीक्षण. एका मुलाकडं वीस मिनिटं बघायचं, बोलायचं नाही, मदत करायची नाही, लागेल असं काही असेल तरच उठायचं. पहिल्या वेळी मी चार मिनिटांत तीनदा बोलले. "हळू." "असं नाही, असं." "शाब्बास." शाब्बासही चालत नाही, हे मला फार लागलं. मग मूल खेळाकडं न बघता आपल्या तोंडाकडं बघायला लागतं म्हणे. मी भांडले होते यावरून. नंतर बघितलं, तसंच होतं.

पहिलं पान मी लिहिलं: "मुलगी पाण्यात खेळत होती." ताईंनी त्याला गोल केला आणि शेजारी लिहिलं, "म्हणजे काय?"

दुसऱ्या खेपेला तीच मुलगी घेतली, साडेचार वर्षांची. नळाखाली सांडलेलं पाणी तिनं बोटानं ओढून पाट काढला. पाणी चालेना, कारण पुढं जमीन चढती. तिनं तळहातानं माती खरवडली. पाणी सरकलं आणि भलतीकडंच फुटलं. माझे हात शिवशिवत होते. तिनं ओल्या मातीचा गोळा थापून फुटलेली जागा बुजवली, शेजारच्या मुलाला म्हणाली, "ए, हा वाफा भरला, आता दारं मोड." त्याला कळेना. मग तिनं स्वतःच बांध फोडून पाणी दुसऱ्या वाफ्यात घेतलं आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली, अगदी तिच्या बापासारखी. हे खोलीतल्या तक्त्यांवर कुठं आलं असतं? त्या दिवशी अडीच पानं झाली. उतार, कारण, परिणाम, शब्द, सहकार्य, काय हवं ते त्यात होतं. मी फक्त गप्प बसले होते.

पालक मेळाव्यात मात्र फजिती झाली. एक आई सरळ म्हणाली, "मातीतच खेळायचं तर घरी होतंच की. ए बी सी डी कधी?" माझी पाठ केलेली उत्तरं तिथं चालली नाहीत. मी ती अडीच पानंच वाचून दाखवली. मुलीचे वडील मागं उभे होते, दारं मोडायची गोष्ट आली तेव्हा हसले. ए बी सी डीवाल्या आईचं समाधान झालं नाही, अजूनही नाही.

आणि बिबट्या. प्रशिक्षणातल्या कुठल्याही नमुन्यात बिबट्या नव्हता, आमच्याकडं तो आहे. एक आजोबा म्हणाले, "बाई, पोरं उसाकडंला बसवू नका." त्यांचं बरोबर होतं. मी तक्त्यात ओळ वाढवली: उसाची बाजू नाही, दहाच्या आत आणि दुपारी बारानंतर बाहेर नाही, बाहेर पडण्याआधी मावशी आणि मी बोलत, डबा वाजवत फेरी मारणार, मुलं दोघींच्या मध्ये. ग्रामपंचायतीनं कुंपणाला जाळी मारायला चार महिने लावले, तोवर मुलं पडवीच्या पुढं गेली नाहीत. त्या चार महिन्यांची प्रात्यक्षिकं मी पडवीत परातीतल्या मातीवर केली. ते चालतं का, हे विचारायची भीती वाटत होती. चाललं.

तोंडीला विचारलं, पावसाळ्यात काय करणार? मी म्हटलं, रिमझिम असेल तर बाहेर, वीज कडाडली की आत, आणि चपला पडवीत. पास झाले.

ती मुलगी जूनमध्ये जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिलीला गेली. यंदा एक नवीन आलाय, तीन वर्षांचा, चिखलात पाय टाकत नाही. रोज पडवीच्या कडेला बसतो आणि मावशींच्या बादलीत एक बोट बुडवून बघतो. मी लिहितेय.