आखाजीच्या झोक्याचा सांगाडा: कटिंग मशीनचा कोन अखेर बसला

दारातला झोक्याचा कडुलिंब गेल्या पावसाळ्यात पडला. ताई यंदा लेकीला घेऊन आखाजीला, म्हणजे आमच्या खानदेशातल्या अक्षय्य तृतीयेला, अमळनेरला येणार, आणि गौराईची गाणी म्हणायची तर झोका हवाच. म्हणून ५० × ५० मि.मी. चौकोनी पाइपाचा, ३ मि.मी. जाडीचा सांगाडा करायला घेतला आहे. चार पाय, प्रत्येक ८ फुटी, प्रत्येकाला १५ अंशांचा कल.

पहिल्या रविवारी कटिंग मशीनच्या फेन्सवरच्या (पाइप टेकवायची, कोनात फिरणारी पट्टी) आकड्यांवर विश्वास ठेवून दोन पाय कापले. ओट्यावर आडवे टाकून जोडी लावली, तर एक पाय खाली पावणेदोन इंच सरकलेला. वरच्या टोकाला १ अंश चुकला की ८ फुटांवर एवढा फरक पडतो. नशीब, दोन-दोन इंच जास्तीचे ठेवले होते. फेन्सचे दोन बोल्ट असतात. त्यातला मागचा थरथरीने ढिला झाला होता, आणि मी फक्त पुढचाच आवळत होतो.

दुसऱ्या दिवशी मशीनच हातात घेतलं. आधी प्लग काढला, मग हेड (मोटर आणि कापणारी चकती असलेला वरचा भाग) खाली आणून फेन्स आणि चकतीच्या सपाट बाजूला गुण्या (काटकोन तपासायचं साधन) लावला. आकडा शून्यावर होता, तरी खालच्या टोकाला उजेड दिसत होता. फेन्स सरकवून दोन्ही बोल्ट आवळले आणि एक तुकडा कापला. कापलेल्या दोन भागांपैकी एक उलटा करून सपाट पाट्यावर दुसऱ्याला भिडवला. अशाने चूक दुप्पट होऊन दिसते, डोळ्यांना लपत नाही. तिसऱ्या कापणीला फट गेली.

१५ अंशांसाठी पत्र्याचा त्रिकोण केला. काटकोनाच्या एका बाजूला ३०० मि.मी., दुसऱ्या बाजूला ८०.४ मि.मी. ८०.४ ची बाजू फेन्सला टेकवली आणि तिरकी बाजू चकतीला लागेल तशी फेन्स फिरवली. आकडेपट्टीकडे आता मी पाहतच नाही.

कोन बरोबर असूनही एक कट वरून खाली तिरका आला. तो माझ्या हाताचा दोष. ३५५ मि.मी.ची ही चकती जेमतेम ३ मि.मी. जाड, जोर दिला की वाकते. आवाज एकदम खाली बसला की समजायचं, आपण दाबतोय. हात हलका ठेवला की आवाज एकसारखा राहतो आणि कट सरळ येतो. फार हलकाही नको, नाहीतर चकती कापायचं सोडून घासत बसते आणि कापलेली कड निळी पडते.

२० फुटी पाइपाचं लांब टोक अधांतरी ठेवू नका. मशीनच्या बेसच्या उंचीला दोन विटा आणि वर लाकडी ठोकळा लावला, की पाइप खाली झुकून चकतीला चिमटत नाही. व्हाइसमध्ये (पाइप आवळून धरणारा मशीनचा शिकंजा) लांब बाजू धरायची, कापून पडणारा तुकडा मोकळा ठेवायचा.

चकतीवरची कमाल गती मशीनच्या गतीपेक्षा जास्तच हवी. माझ्या चकतीवर मिनिटाला ४३०० फेरे लिहिले आहेत, मशीन ३८०० वर फिरतं. मधल्या धातूच्या कड्यावर मुदतीची तारीख असते, तीही वाचा. हातातून पडलेली चकती चांगली दिसली तरी मी वापरत नाही. नवी चकती लावली की गार्ड खाली, आपण तिच्या रेषेतून बाजूला, आणि मिनिटभर रिकामी फिरवायची. चकती किती खाली जाईल ते ठरवणारा स्टॉपही पाहायचा: चकती झिजली की तो खाली घ्यावा लागतो, नवी बसवली की परत वर.

आपल्या भागातली मोठी काळजी म्हणजे लाइट. माझ्या मशीनचा ट्रिगर लॉक होतो. कापता कापता लाइट गेली, मी पाणी प्यायला गेलो, आणि परत आली तेव्हा मशीन आपोआप सुरू झालं. पाइप व्हाइसमध्ये होता, चकती अर्ध्या कटात! तेव्हापासून लॉक वापरणं बंद केलंय, आणि लाइट गेली की आधी बोट ट्रिगरवरून काढून प्लग उपसतो.

ठिणग्या मागे बऱ्याच लांब जातात. शेजारचे आप्पा कुंपणावरून म्हणाले, “काय करी ऱ्हायना रे भो?” तेव्हा त्यांच्या नजरेमागे मला त्यांच्या कडब्याची गंजी दिसली. मी लगेच मशीनची दिशा बदलली, मागे पत्रा उभा केला, त्यावर ओलं पोतं टाकलं. काम संपल्यावर अर्धा तास तिथेच बसतो, या उन्हात वाळलेल्या पाल्याला ठिणगी पुरते. चष्मा, कानात बोळे, सुती शर्ट आणि बंद बूट हे ठरलेलंच.

आज सायंकाळपर्यंत चारही पायांचे कट झाले. कानशीने आतली बर (कापल्यावर उरलेली धारदार कड) काढली आणि जोडी जोडीने ओट्यावर टाकून पाहिली. फरक एका काडीच्या जाडीएवढा राहिलाय, तो वेल्डिंगमध्ये भरून येईल. उद्या सकाळी ऊन चढायच्या आत वरचा आडवा पाइप कापतो.