शोधनिबंधांची संख्या

शाळेच्या अमृतमहोत्सव समितीने पाठवलेल्या फॉर्ममध्ये ‘शोधनिबंधांची संख्या’ असा एक रकाना आहे. तो मी कोरा सोडला. आमच्या विषयात, म्हणजे वैश्विक किरणांच्या (अवकाशातून येणाऱ्या वेगवान कणांच्या) अभ्यासात, एकेका निबंधावर तीस-चाळीस नावं असतात. त्यांतल्या कुणी समीकरणं सोडवलेली असतात, कुणी लोखंडी नळीतली वायूची गळती शोधलेली असते. मी दोन्ही केलं, आणि खरं सांगायचं तर गळती शोधणं जास्त अवघड. तेव्हा आकडा राहू दे, निबंधांत काय होतं तेवढं सांगतो.

१९७४ ची जुनी अकरावी, सांगलीच्या विलिंग्डन कॉलेजात बीएस्सी, कोल्हापूरला एमएस्सी, मग मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था आणि तिथून तिची उटीची प्रयोगशाळा. रेडिओचं वेड मात्र शाळेतलंच. आमचे विज्ञानाचे सर शिक्षकखोलीतला रेडिओ वर्गात आणायचे, सांगली आकाशवाणी लावायचे आणि मग काटा मुद्दाम सरकवून दोन स्टेशनांमधली खरखर ऐकवायचे. “ही कुठून येते रे?” विजांमुळे, असं कुणीतरी म्हणायचं. “आणि विजांची सोडून जी उरते ती?” मग कार्ल जान्स्की या रेडिओ-अभियंत्याची गोष्ट. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत त्याला विजांच्या कडकडाटाखेरीज एक मंद, सतत येणारी खरखर सापडली. ती रोज चार मिनिटं आधी यायची, म्हणजे सूर्याचं नव्हे, ताऱ्यांचं घड्याळ पाळायची. तिचा उगम आकाशगंगेच्या मध्याकडे निघाला. ती तिथे तयार कशी होते, हे मात्र तेव्हाच्या आमच्या पुस्तकांत नव्हतं.

उटीला माझं काम वैश्विक किरणांचं. १९१२ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ व्हिक्टर हेस बलूनमधून पाच किलोमीटरच्या वर गेला आणि वर जावं तसं प्रारण वाढतं हे त्याला दिसलं. हे किरण जमिनीतून नव्हे, बाहेरून येतात हे त्यावरून कळलं. वातावरणावर आदळून ते कणांचा पाऊस पाडतात. त्यातले म्युऑन (इलेक्ट्रॉनसारखेच, पण जड कण) जमिनीपर्यंत पोचतात. हे वाचताना तुमच्या तळहातातून दर सेकंदाला साधारण एक आरपार जातोय. कोलारच्या सोन्याच्या खाणीत आमच्या आधीच्या पिढीने याच म्युऑनांना टाळण्यासाठी दोन किलोमीटरहून खोल उपकरणं नेली होती. सांगलीजवळच्या हरिपूरला पेवांत, जमिनीतल्या कोठारांत, हळद जशी पाऊसपाण्यापासून जपायची, तसंच ते. वातावरणात जन्मणारे न्यूट्रिनो, म्हणजे खडकातूनही सहज पार होणारे कण, १९६५ मध्ये तिथेच पहिल्यांदा सापडले (त्याच वर्षी दक्षिण आफ्रिकेतल्या खाणीतही).

पुढे कोलारचा प्रोटॉन-क्षयाचा (प्रोटॉन आपोआप फुटतो का, हे पाहण्याचा) प्रयोग संपला आणि त्यातल्या नळ्या उटीला आल्या. सहा मीटर लांब, दहा सेंटीमीटर चौकोनी, आत वायू, मध्ये एक बारीक तार. खाणीत जो कण नकोसा होता, त्यालाच पकडायला आम्ही त्या वापरल्या. अशा ३७१२ नळ्या, थरांवर थर, एक थर उभा तर दुसरा आडवा, आणि डोक्यावर काँक्रीट. त्यामुळे म्युऑन आला एवढंच नाही, कोणत्या दिशेने आला हेही कळतं. संशोधन म्हणजे काय, असं नातवंडं विचारतात तेव्हा मी हेच सांगतो: गंज, वायूचा दाब, उटीतलं धुकं, आणि मग कधीतरी एक आलेख.

असा एक आलेख १ डिसेंबर २०१४ चा. एक वादळी ढग डोक्यावरून गेला आणि म्युऑनांची संख्या सुमारे दोन टक्क्यांनी घटली. ढगातल्या विद्युतक्षेत्राने त्यांची ऊर्जा बदलली होती. त्यावरून हिशेब मांडला तेव्हा ढगातला विद्युतदाब १३० कोटी व्होल्ट निघाला. ढगांत शंभर कोटी व्होल्ट असू शकतात, असं भौतिकशास्त्रज्ञ सी. टी. आर. विल्सन यांनी १९२९ मध्ये म्हटलं होतं; मोजून दाखवायला नव्वद वर्षं लागली. निबंध २०१९ मध्ये आला, मी निवृत्त झाल्यावर.

आता ती खरखर. वैश्विक किरणांत इलेक्ट्रॉनही असतात. आकाशगंगेच्या चुंबकीय क्षेत्रात ते जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने गिरक्या घेतात आणि रेडिओ लहरी फेकतात. जान्स्कीने ऐकल्या त्या याच. विद्युतभारित कण वाटेत वळत वळत येतो, त्यामुळे त्याचा पत्ता हरवतो. रेडिओ लहर सरळ येते, म्हणून इलेक्ट्रॉन कुठे आहेत हे दुर्बिणीतून कळतं. या दोन विषयांची खाती वेगळी, परिषदा वेगळ्या. मला तो कारकुनी भेद वाटतो.

उटीजवळच रेडिओ-खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांची रेडिओ दुर्बीण आहे, १९७० ची. ५३० मीटर लांब, डोंगराच्या उतारावर अशी बसवलेली की तिचा अक्ष पृथ्वीच्या अक्षाला समांतर राहतो, आणि त्या एकाच अक्षाभोवती फिरवून आकाशातला स्रोत तासन्‌तास धरता येतो. विषुववृत्ताच्या इतक्या जवळ असण्याचा असा उपयोग दुसऱ्या कुणाला सुचला नसता. त्यांचीच पुढची दुर्बीण आपल्या महाराष्ट्रात, नारायणगावजवळ खोडदला: ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या, पंचवीस किलोमीटरच्या परिसरात. पत्र्याऐवजी तारेची जाळी ताणून बसवल्यामुळे वारा आरपार जातो आणि सांगाडा हलका राहतो, म्हणजेच स्वस्त पडतो. अतिनवताऱ्यांचे, म्हणजे स्फोट झालेल्या ताऱ्यांचे, अवशेष अशा दुर्बिणीत पाहायचे, म्हणजे वैश्विक किरणांच्या कारखान्यातच डोकवायचं.

मुख्याध्यापकांना एक विनंती. फेब्रुवारीच्या अखेरीस विज्ञानदिनानिमित्त खोडदला प्रदर्शन भरतं आणि दुर्बीण लोकांना पाहता येते. आठवी-नववीची मुलं एकदा न्या. सांगलीहून जायचं तर एक मुक्काम पडेल. बसच्या भाड्याचं आम्ही जुने वर्गमित्र पाहतो. माझा वाटा मी कार्यालयात जमा केला आहे. तिथे मोबाइल बंद ठेवावे लागतात, हे शिक्षकांनाही आधीच सांगा.