एकाच गोळीत दोन औषधं

खानापुरातला असो की निपाणीतला, पेशंट डॉक्टरांसमोर बसला की ‘मला नैराश्य आहे’ असं म्हणत नाही. ‘जीव घाबरतोय, छातीत धडधडतंय, पहाटे तीनला जाग येते, कशात मन लागत नाही’ असं सांगतो. पहिल्या दोन तक्रारी चिंतेच्या, नंतरच्या दोन बहुतेकदा नैराश्याच्या. हे दोन्ही आजार एकत्र असणं अगदी नेहमीचं आहे. पण धडधड आधी दिसते, म्हणून ईसीजी निघतो, तो नॉर्मल येतो आणि ‘काही नाही, टेन्शन घेऊ नका’ एवढ्यावर विषय संपतो. ईसीजी जरूर काढावा. टीएसएच, हिमोग्लोबिन आणि बी१२ही तपासून घ्यावं, कारण थायरॉइड बिघडलं की हुबेहूब अशीच लक्षणं दिसतात. पण रिपोर्ट चांगले आले म्हणजे आजार नाही, असं होत नाही.

चिंता सांगते, बाहेर पडू नको. माणूस घरात बसतो, कामं तुंबतात, माणसं तुटतात आणि उदासी वाढते. मग भीतीला तोंड द्यायला अंगात उमेदच उरत नाही. म्हणून एकाच आजाराचा उपचार करून भागत नाही. सोय एवढीच की दोन्हींवरचं मुख्य औषध बहुधा एकच असतं: एस्सिटालोप्राम, सर्ट्रालिन किंवा त्याच गटातलं दुसरं.

आता हातातली स्ट्रिप उलटी करून मागचं वाचा. आपल्याकडे फार वेळा एकाच गोळीत दोन औषधं असतात: एस्सिटालोप्राम १० मिलिग्रॅम आणि क्लोनाझेपाम ०.५ मिलिग्रॅम. क्लोनाझेपाम तासाभरात शांत करतं, झोप आणतं. एस्सिटालोप्रामचा गुण यायला २ ते ४ आठवडे लागतात, पुरता अंदाज ६ ते ८ आठवड्यांनी येतो. साहजिकच पेशंटला वाटतं, झोपेची गोळीच खरी. पण क्लोनाझेपाम २ ते ४ आठवड्यांपुरतं असतं. पुढे शरीराला त्याची सवय लागते. जुनी चिठ्ठी दाखवून वर्षभर तीच स्ट्रिप आणणारे कितीतरी आहेत. आणि कधीतरी कंटाळून ती एकदम बंद केली की दोन्ही औषधं एकाच दिवशी सुटतात. मग झोप उडते, हात थरथरतात, डोक्यात करंट लागल्यासारखं होतं, क्वचित फिटही येते. ‘आजार परत आला’ असं घरचे म्हणतात, पण यातलं बरंच औषध तुटल्यामुळे झालेलं असतं. म्हणून पहिल्याच भेटीत विचारा, ‘डॉक्टर, यातली झोपेची गोळी कधी कमी करायची? साधी, वेगळी गोळी मिळेल का?’ दोन्ही वेगळ्या असल्या तर एक चालू ठेवून दुसरी हळूहळू उतरवता येते.

बरेच लोक एस्सिटालोप्रामसारखं औषध सोडतात ते पहिल्या दोन आठवड्यांत. मळमळतं, तोंड कोरडं पडतं आणि धडधड कमी व्हायच्या ऐवजी थोडी वाढते. म्हणूनच चिंता जास्त असेल तर डॉक्टर बहुधा एस्सिटालोप्राम ५ मिलिग्रॅमने सुरुवात करून आठवड्याभराने १० वर नेतात. गोळी जेवणानंतर घ्यावी. झोप उडत असेल तर सकाळी. लैंगिक इच्छा कमी होणं हाही दुष्परिणाम आहे. लाजून गप्प राहू नका, गोळी किंवा डोस बदलता येतो. पूर्वी कधी झोपेशिवाय चार-चार दिवस भलताच उत्साह, वारेमाप खर्च असं झालं असेल तर गोळी सुरू होण्याआधीच सांगा, कारण तेव्हा उपचार वेगळा असतो. कंबरदुखीसाठी ट्रामाडॉल चालू असेल तर तेही सांगा, या गोळीबरोबर ते धोक्याचं ठरू शकतं.

गोळी सुरू केल्यावरच्या याच पहिल्या दिवसांत, विशेषतः पंचविशीच्या आतल्या मुलांमध्ये, जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार वाढू शकतात. आपली घरं शेतकऱ्यांची आहेत. कीटकनाशकाची बाटली गोठ्यात किंवा माळ्यावर नको, कुलपात हवी आणि किल्ली दुसऱ्याकडे. गोळ्याही आठवड्यापुरत्याच हाताशी ठेवा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर १४४१६, चोवीस तास, फुकट.

गोळीबरोबर पायही हलले पाहिजेत. बेळगावच्या खडेबाजारातल्या गर्दीची धास्ती असेल तर थेट शनिवारी संध्याकाळी जाऊ नका. आधी सकाळी दुकानं उघडताना टोकाला १० मिनिटं उभं राहा, मग अर्ध्यापर्यंत चाला, मग एक वस्तू विकत घ्या. भीती चढेल आणि तिथेच थांबलात तर बहुतेकदा अर्ध्या-पाऊण तासात आपणच उतरेल. चढलेली असताना पळालात तर मेंदू ‘पळालो म्हणून वाचलो’ एवढंच शिकतो. उदासीसाठी मन लागायची वाट बघू नये. ठरलेल्या वेळी ठरलेलं छोटं काम करावं. आंघोळ, मग परड्यात १५ मिनिटं, बस. लावणीच्या दिवसांत अख्खं शेत नको, एक वाफा पुरे. चहा दुपारी तीननंतर बंद. दारू तर नकोच. रात्री झोप लागते, पण पहाटेची घाबरगुंडी तिनेच वाढते.

बरं वाटायला लागल्यापासून किमान ६ ते ९ महिने गोळी चालू राहते, चिंता जास्त असेल तर वर्षभर. मग डॉक्टरांच्या सल्ल्याने आठवड्या-आठवड्याने उतरवायची.

मनोविकारतज्ज्ञ बेळगावात मिळतात आणि धारवाडला डिमहान्स ही मानसिक आजारांची सरकारी संस्था आहे. समोरचे डॉक्टर कन्नड बोलणारे असले तर एक शब्द जपून वापरा: ‘बेजार’. मराठीत बेजार म्हणजे त्रासून गेलेला. कन्नडमध्ये ‘बेजारु’ म्हणजे वाईट वाटणं, कंटाळा. एकाच शब्दात दोघं वेगळंच ऐकतात. त्यापेक्षा कागदावर आकडे न्या: किती वाजता झोपलो, कितीदा उठलो, आठवड्यात किती दिवस धडधडलं, कुठे जायचं टाळलं, वजन किती उतरलं, मरणाचे विचार आले का. आणि रिकामी स्ट्रिप, नाव दिसेल अशी, सोबत असू द्या.