एकही लाल खूण नसलेला पेपर

उदगीरला मी अकरावी-बारावीला इंग्रजी शिकवतो. वर्गात घरी मराठी बोलणारी पोरं जास्त. पण कर्नाटकच्या हद्दीवरून एसटीने येणारी कन्नड पोरं असतात, गावातली दखनी उर्दू बोलणारी असतात, तांड्यावरची बंजाऱ्यांची गोरमाटी बोलणारीही असतात. कुणाच्या घरी काय बोलतात हे मी कधी विचारत नाही. सहामाहीला ‘आमच्या गावातला एक माणूस’ यावर दहा-बारा ओळी लिहायला दिल्या की निम्म्या पोरांचं मला चुकांवरूनच कळतं.

मराठी घरातला पोरगा लिहितो, ‘व्हिच मॅन लिव्ह्ज निअर टेंपल, दॅट मॅन इज माय अंकल.’ आपलं ‘जो माणूस देवळाजवळ राहतो तो माझा काका’ जसंच्या तसं. इंग्रजीला ही जो-तो ची जोडी चालत नाही. तिथं आधी माणूस येतो आणि त्याची माहिती त्याला चिकटून मागून येते. दखनीवाला लिहितो, ‘ही विल कम सेइंग ही टोल्ड.’ घरात ‘आता बोलके बोला’ चालतं (यातला ‘आता’ म्हणजे येतो), मग पोरगं दुसरं काय लिहिणार? मराठीत ‘येतो म्हणून सांगितलं’, कन्नडमध्ये ‘बर्तीनि अंत हेळिद’. तिन्हीकडे निरोप आधी आणि सांगणं शेवटी. बहमनींची राजधानी राहिलेलं बिदर इथून जवळच आहे. या भागात तीन-तीन भाषा शतकानुशतकं एकाच बाजारात वावरल्यात, तेव्हा वाक्यांची ठेवणही एकमेकींसारखी झाली तर नवल नाही. मराठी पोरांना ‘त्यानं सांगितलं की’ ही दुसरी वाट सवयीची असते, म्हणून ती इथं फारशी अडखळत नाहीत.

यंदाच्या गठ्ठ्यात एका मुलीच्या पेपरावर मला एकही लाल खूण करता आली नाही. हद्दीवरच्या गावातली मुलगी, घरी कन्नड. शेजारच्या टेबलावरचे सर म्हणाले, ‘हा पेपर वर्गात वाचून दाखवा, पोरांना कळू द्या.’ मी पुन्हा वाचला. ‘माय अंकल हॅज अ बुल. ही सोल्ड द बुल. द बुल वॉज बिग. माय ग्रँडफादर क्राइड.’ सगळा पेपर असाच. चूक नव्हती, तसं एकही मिश्र वाक्यही नव्हतं.

१९७४ साली जॅकलिन शॅक्टर या अमेरिकी भाषाशास्त्रज्ञ बाईंनी यावर एक लेख लिहिला होता. इंग्रजी शिकणाऱ्या परदेशी विद्यार्थ्यांच्या निबंधांतली ‘हू’, ‘व्हिच’, ‘दॅट’ची गौण वाक्यं त्यांनी मोजली. जपानी मुलांच्या चुका अवघ्या ५, फारसी मुलांच्या ४३. नुसत्या चुका बघितल्या तर जपानी मुलं हुशार ठरतात. पण फारसी मुलांनी अशी १७४ वाक्यं लिहिली होती, जपानी मुलांनी फक्त ६३. फारसीत ही माहिती इंग्रजीसारखीच नामाच्या मागून येते, म्हणून ती मुलं बिनधास्त लिहितात आणि चुकतात. जपानीत ती नामाच्या आधी येते. उलटी रचना जड वाटली की पोरं ती बरेचदा टाळतात, आणि टाळलेल्या वाक्याला लाल खूण कुठं करणार? कन्नडची मुख्य पद्धतही जपानीसारखीच आहे. ‘काल आलेला मुलगा’ म्हणायचं तर ‘निन्ने बंद हुडुग’, मुलगा सगळ्यात शेवटी.

दुसऱ्या दिवशी तास संपल्यावर तिला थांबवलं. तोडून-तोडून का लिहिलंस, विचारलं. म्हणाली, ‘सर, लांब लिव्हलं की चुकायलंय. म्हणून तोडून लिव्हते.’

मग म्हटलं, बैलाचं सगळं एका दमात तुझ्या भाषेत सांग. ती आधी हसली, मग एक लांबलचक वाक्य तिनं न थांबता म्हटलं. मला त्यातलं ‘बिदर’ तेवढं कळलं. ‘आता हेच मराठीत.’ ‘आजोबानं लहानपणापासून पाळलेला, काकानं परवा बिदरच्या बाजारात विकलेला देवणी बैल.’ आपल्याकडेही ‘पाळलेला’, ‘विकलेला’ आहेच की! व्याकरणात त्याला धातुसाधित विशेषण म्हणतात. म्हणजे गुंतागुंतीचं वाक्य बांधायचं कसब तिच्याकडे होतं, अडत होतं ते इंग्रजीतल्या जागेपाशी.

फळ्यावर मधोमध ‘बुल’ लिहिलं. डाव्या बाजूला ‘काकानं विकलेला’. ते पुसून उजव्या बाजूला नेलं, मध्ये ‘व्हिच’ ठेवला. ‘बैल आधी दाव्याला बांध, मग त्याची कहाणी सांग,’ म्हटलं. एसटीची वेळ झाली तरी ती तीन-चार वाक्यं उलटी करत बसली. मराठी पोरांना हे औषध लागू पडत नाही. त्यांना ‘दॅट मॅन’ हा दुसरा माणूस खोडायला शिकवावं लागतं. सगळ्यांना एकच धडा देणारं व्याकरणाचं पुस्तक इथं कामाचं नाही, असं माझं मत आहे. चूक मोजून गुण कापायची आपली रीत तर टाळाटाळ करणाऱ्यालाच बक्षीस देते.

पुढच्या आठवड्यात तिची वही आली. ‘द बुल व्हिच माय अंकल सोल्ड इट इन बिदर वॉज व्हेरी बिग.’ ‘इट’ जास्तीचा. बैल ‘व्हिच’मध्ये आलाच आहे, त्याला पुन्हा आणायची गरज नाही. फारसी आणि अरबी बोलणारी मुलंही इंग्रजीत नेमकी हीच चूक करतात. खालीही अशी दोन वाक्यं होती, त्यातलं एक पार कोलमडलेलं. मी ‘इट’वर गोल केला आणि वाक्यापुढे बरोबरची खूण केली.

शेजारचे सर डोकावून म्हणाले, ‘बोर्डात याला अर्धा मार्क जाईल.’

‘जाईल,’ म्हटलं. ‘बोर्डाला अजून सव्वा वर्ष आहे.’ आणि उद्याच्या तासासाठी त्या ‘इट’ची पाच वाक्यं काढायला घेतली.