मेडिकेड, बसची फेरी आणि लॉगवरची खूण : माझा अनुभव

टेक्सासमधल्या एका स्कूल डिस्ट्रिक्टच्या, म्हणजे स्थानिक सरकारी शाळांचा कारभार पाहणाऱ्या संस्थेच्या, लेखा विभागात मी नोकरी करते. दिव्यांग विद्यार्थ्यांच्या वाहतुकीचा खर्च मेडिकेडकडून, म्हणजे कमी उत्पन्नाच्या आणि दिव्यांग लोकांसाठीच्या सरकारी आरोग्य योजनेकडून, मिळवण्याचे काम माझ्याकडे आले, तेव्हा कार्यालयात त्या फाइलला सगळे ‘बसचे पैसे’ म्हणत असत. नियम वाचायला बसल्यावर मात्र वेगळेच चित्र दिसते. मुलाला शाळेत आणणे ही शाळेचीच जबाबदारी आहे. मेडिकेड पैसे देते ते मुलाला उपचारापर्यंत पोहोचवण्याचे. पुढे जे काही अडले, ते याच भेदापाशी अडले.

दिव्यांग मुलांना विनामूल्य शिक्षण देणे १९७५च्या फेडरल, म्हणजे केंद्रीय, कायद्याने शाळांवर बंधनकारक केले, आणि त्यासाठी लागणाऱ्या पूरक सेवांमध्ये वाहतूकही येते. एखादी सेवा मुलाच्या आयईपीत, म्हणजे त्याच्या वैयक्तिक शिक्षण आराखड्यात, लिहिलेली आहे एवढ्याच कारणाने मेडिकेडला तिचे पैसे नाकारता येणार नाहीत, असे १९८८ साली अमेरिकन काँग्रेसने स्पष्ट केले. डिसेंबर २००७मध्ये घर ते शाळा या वाहतुकीचे पैसे बंद करणारा नियम निघालाही होता. काँग्रेसने तो रोखून धरला आणि २००९मध्ये तो मागे घेण्यात आला. आमच्याकडचे जुने कर्मचारी या विषयावर बोलताना अजून सावध असतात, ते त्यामुळेच.

शाळांना मेडिकेडचे पैसे देणारी योजना टेक्सासमध्ये ‘शार्स’ (स्कूल हेल्थ अँड रिलेटेड सर्व्हिसेस) या नावाने चालते. मुलाला वाहनात विशिष्ट बदल का लागतात हे आयईपीत कारणासह लिहिलेले असावे लागते. वाहनात लिफ्ट, हार्नेस यांसारखे प्रत्यक्ष बदल केलेले असावे लागतात, कारण नुसती अटेंडंट सोबत बसल्याने बस विशेष ठरत नाही. आणि त्याच दिवशी मुलाला शाळेत मेडिकेडला मान्य असलेली दुसरी एखादी सेवा मिळालेली असावी लागते. इतर मुलांबरोबर नेहमीच्या बसने येणाऱ्या मुलाचा क्लेम होत नाही.

यातली तिसरी अट सर्वांत जाचक आहे. व्हीलचेअरवरचा मुलगा रोज लिफ्टच्या बसने येतो, पण त्याची फिजिओथेरपी मंगळवारी आणि गुरुवारीच असली, तर सोमवारच्या फेरीचे काही मिळत नाही, जरी सोमवारीही डिझेल तेवढेच जळते आणि चाकांचे पट्टे तितकेच जपून बांधावे लागतात. ही अट मला कागदावर पटते, बसच्या दारात उभे राहिल्यावर पटत नाही. मार्ग निघाला तो वैयक्तिक निगेच्या सेवांमधून. जेवू घालणे, शौचालयात मदत करणे ही कामे काही मुलांसाठी वर्गातल्या मदतनीस रोज करतच होत्या, त्या मुलांच्या आयईपीत ती लिहिलेलीही होती, आणि शार्समध्ये ती मान्य सेवाच आहे. फक्त त्यांची दररोजची नोंद कुठे होत नव्हती. ती नोंद सुरू झाल्यावर ज्या दिवशी सेवा मिळाली त्या दिवसाची फेरीही क्लेमला पात्र ठरू लागली. त्या मदतनिसांना आणखी एक कागद भरायला लावला याचे मला वाईट वाटते, पण त्यांच्या कामाला निदान कागदावर नाव मिळाले.

बसच्या लॉगवर, म्हणजे मुलांच्या फेऱ्यांच्या रोजच्या नोंदींवर, मी सर्वाधिक वेळ घालवला. प्रत्येक फेरी एकेरी धरली जाते, टी२००३ या कोडखाली जाते, आणि सकाळची व दुपारची खूण स्वतंत्र असावी लागते. आई मुलाला दुपारी डॉक्टरकडे घेऊन गेली, तर परतीची फेरी नाही. शुक्रवारी एकदम बसून भरलेला लॉग चटकन ओळखू येतो : पाचही दिवस एकाच पेनाच्या, एकाच तिरपेपणाच्या रेघा. खऱ्या लॉगवर सोमवारी निळी शाई असते, बुधवारी पेन्सिल, एखाद्या दिवशी पावसाचा थेंब. पुण्यात ऑडिटच्या कामात लागलेली ही नजर इथे उपयोगी पडली. क्लेम भरण्यापूर्वी मी शाळेची हजेरी, थेरपिस्टची नोंद आणि बसचा लॉग शेजारी ठेवून ताडून पाहू लागले. तिन्ही जुळले तरच फेरी पुढे जाते.

पालकांची संमती हा वेगळाच अध्याय आहे. मुलाच्या मेडिकेडचा उपयोग करण्यापूर्वी शाळेने एकदा लेखी संमती घ्यायची असते आणि दरवर्षी हक्कांची लेखी सूचना द्यायची असते. एका मराठी आईने मीटिंगनंतर मला बाजूला घेऊन विचारले, “ताई, इथे सही केली आणि उद्या घरची नर्स कमी झाली तर?” तिचा मुलगा टेक्सासच्या अशा मेडिकेड कार्यक्रमात होता, जिथे पालकांचे उत्पन्न धरले जात नाही पण प्रतीक्षायादी वर्षानुवर्षांची असते, त्यामुळे भीती अनाठायी नव्हती. शाळेच्या क्लेममुळे मुलाचे मेडिकेडचे लाभ कमी होणार असतील किंवा पालकांच्या खिशाला झळ बसणार असेल, तर शाळेला तो मार्ग वापरता येत नाही, आणि संमती नाकारली तरी बस आणि थेरपी विनामूल्यच राहते, हे मी तिला फॉर्ममधल्या ओळींवर बोट ठेवून दाखवले. “घरी नेऊन वाचते,” म्हणाली. मी घाई केली नाही. पुढच्या आठवड्यात फॉर्म सही होऊन आला. न येता, तरी मला ते योग्यच वाटले असते.

वर्षभर भरलेले क्लेम म्हणजे तात्पुरता हिशेब असतो. ऑक्टोबर ते सप्टेंबर या फेडरल वर्षाचा प्रत्यक्ष खर्च पुढच्या १ एप्रिलपर्यंत कॉस्ट रिपोर्टमध्ये, म्हणजे खर्चाच्या वार्षिक अहवालात, द्यायचा असतो, आणि त्यात वाहतुकीचा वाटा ठरतो तो एकेरी फेऱ्यांच्या प्रमाणावरून : आयईपीत वाहतूक असलेल्या सर्व मुलांच्या फेऱ्या किती आणि त्यांतल्या मेडिकेडच्या पात्र फेऱ्या किती. म्हणजे लॉगवरची सुटलेली खूण दोनदा महाग पडते. हाती येतो तो फक्त फेडरल हिस्सा, जो टेक्सासमध्ये ६० टक्क्यांच्या आसपास असतो. उरलेले डिस्ट्रिक्टने आधीच खर्च केलेले असतात. आमच्या वरिष्ठांनी अंतिम आकडा पाहून “एवढेच?” असे विचारले. मी त्यांना फेऱ्यांचे प्रमाण दाखवले, आणि नव्या वर्षाच्या लॉगमध्ये सकाळ व दुपारसाठी वेगवेगळे सहीचे रकाने छापून घेण्याची मंजुरी त्याच बैठकीत घेतली.