बक्षीस कोण देणार, मॅडम?

एम.एड.च्या लघुप्रबंधासाठी मी अकरावीच्या वर्गात प्रश्नावली वाटली. अभ्यास नकोसा झाला की मुलं स्वतःला पुन्हा पुस्तकाकडे कशी वळवतात, हे मला मोजायचं होतं. विधानं इंग्रजीवरून मीच मराठीत आणली होती. प्रत्येकापुढे १ ते ७ आकडे. १ म्हणजे 'मला अजिबात लागू नाही', ७ म्हणजे 'पुरेपूर लागू'.

बारावं विधान होतं : 'ठरवलेला अभ्यास झाला की मी स्वतःला बक्षीस देतो/देते.' तिसऱ्या बाकावरच्या मुलीनं पेन खाली ठेवलं. "मॅडम, पण बक्षीस देणार कोण?"

कोणी हसलं नाही. घरी येऊन कागद चाळले, तर त्या विधानापुढे बऱ्याच जणांनी ४ ला गोल केलेला. हिशेबात तो 'मध्यम वापर' म्हणून गेला असता. पोरांना फक्त विधान कळलं नव्हतं.

या क्षेत्रात अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ पॉल पिंट्रिच आणि सहकाऱ्यांची १९९१ची प्रश्नावली बरेच जण वापरतात; ८१ विधानं, श्रेणी हीच सातांची. पण मला त्या रात्री आठवले याच विषयातले संशोधक ख्रिस्तोफर वॉल्टर्स. १९९८च्या अभ्यासात त्यांनी विद्यार्थ्यांपुढे प्रसंग ठेवले (विषय अवघड आहे, कंटाळवाणा आहे, कामाचा वाटत नाही) आणि अशा वेळी काय करता, ते त्यांच्याच शब्दांत लिहून घेतलं.

दुसऱ्या दिवशी मी कोरे कागद वाटले. फळ्यावर लिहिलं : 'उद्या गणिताची चाचणी आहे, डोक्यात काही शिरत नाही, उठावंसं वाटतंय. काय करता?'

त्याच मुलीनं लिहिलं, 'दहा गणितं सुटली की शेजारच्या वहिनींच्या बाळाला खेळवायला जाते. त्याच्या आधी नाही.' म्हणजे ती स्वतःला बक्षीस देतच होती! बक्षीस म्हटलं की तिच्या डोळ्यांपुढे स्नेहसंमेलनाचे पाहुणे येत होते, एवढंच. चूक माझ्या शब्दाची होती.

आकडे मला हवेतच. तीनशे मुलांची तुलना कोऱ्या कागदांवरून करता येत नाही. पण आकड्याआधीचं वाक्य मुलांच्या तोंडचं असायला हवं, यावर मी आता ठाम आहे. बारावं विधान बदललं : 'ठरवलेला अभ्यास झाला की मगच मी माझ्या आवडीची गोष्ट करतो/करते.'

एका मुलानं लिहिलंय, 'बाबा हमाली करून आले की त्यांच्या पायांना तेल चोळतो. मग परत बसतो.' याला माझ्या तक्त्यात रकाना नाही. सोमवारी मार्गदर्शक मॅडमना तो कागद दाखवणार आहे.